खोटा क्लच

लोकांचे नवरे गेले की मागून लफडी निघतात. कुणाची चाकणला दुसरी बाई निघते, कुणाची जमीन भलत्याच्याच नावावर निघते. तुमचा क्लच निघाला, अहो. ट्रकमधला खोटा क्लच. हे घेऊन मी कुणापुढं रडू? सांगायला गेले तर बायका पदर तोंडाला लावतील, आणि मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय. म्हणून तुम्हालाच सांगते. एरवी मी बोलायला लागले की तुम्हाला हटकून बैलांना पाणी दाखवायचं आठवायचं. आता कुठं जाल?

तुमच्या डाव्या पायाचं नाव किती होतं ते मला कुणी सांगायला नको. कांद्या-टोमॅटोच्या दिवसांत माल भरून माळशेज उतरायचा, आणि चैत्र लागला, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की शर्यतीचे बैल भरायचे, हे तुमचं वर्ष. बैल ट्रकमध्ये उभे न्यायचे असतात. ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला की उभा बैल गुडघ्यावर येतो, आणि वर्षभर खुराक घालून तयार केलेला जीव गाडा जुंपायच्या आधीच लंगडा होतो. तुमच्या गाडीत बैल कधी पडला नाही. "बबनभाऊचा पाय लोण्याचा हाये," असं सगळे गाडामालक म्हणायचे. नारायणगावच्या मार्केटात तुम्ही पैजा मारायचा. केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर चहाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकायचे, आणि खाली उतरून तो पेला समोरच्याच्या हातात द्यायचा. "पी. तुजाच हाये." थेंब सांडलेला नसायचा.

मलाही त्याच पायानं आणलंत. खोडदहून वऱ्हाड परत निघालं तेव्हा मुंडावळ्यांसकट मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं होतं. नवरदेवानं स्वतः गाडी चालवायची नसते म्हणून सगळे ओरडत होते, तुम्ही ऐकलं नाहीत. ऐकायचं नाही ही रीत तिथूनच सुरू. मला गाडी लागायची, आईनं हातात लिंबू दिलं होतं. आपल्या महाळुंग्याच्या वेशीत मी जागी झाले तेव्हा लिंबू मांडीवर तसंच होतं. नवी नवरी झोपली म्हणून तुमच्या आईनं मला जन्मभर चिडवलं. पण मी बिनघोर झोपले होते, एवढं खरं. त्या एका झोपेसाठी मी तुमचं पुढचं लई काही सोसलं.

मग टर्बो इंजिनचा ट्रक आला आणि तुमची मान अजून ताठ झाली. खताची पोती भरून माळशेज चढताना तो जीपगाड्यांना मागं टाकायचा. घरी येऊन तुम्ही ते असं सांगायचा, जसा काही तुम्हीच पळत आलाय. पण त्याचा क्लच म्हणजे दगड. काही वर्षांत तुमची डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. निर्गुडीचा पाला गरम करून मी शेकायची आणि तुम्ही जेवता जेवता म्हणायचा, "काय न्हाई गं, पाऊस पडल बहुतेक." मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायातलं रक्त वर चढत नाही, जड क्लच बंद करा, तासन्‌तास बसणं बंद करा. तुम्ही त्यांच्यापुढं नंदीबैलासारखी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी कल्याणला माल घेऊन गेलात.

माझा भाऊ दत्ता तेव्हा मढच्या बाजूला धरणाच्या कामावर डंपर दुरुस्त करायचा. एका भाऊबीजेला ओवाळताना तो म्हणाला, "आक्का, तिथल्या मोठ्या डंपरला क्लचच न्हाई. गिअर आपोआप पडत्यात. डावा पाय नुसता पावण्यावानी बसून ऱ्हातो." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी म्हणाले, "आपल्या ट्रकला बसंल का रे असलं?" तो म्हणाला, "बसवलं तर काय बी बसतंय." आणि तुम्ही करंजी खाता खाता हसलात. "ऑटोमॅटिक? ती बायकांची गाडी. न्हाईतर लंगड्याची."

त्यावरून मी दोन वर्षं भांडले. रुसले, दत्ताला मध्ये घातलं, जेवण वाढून न बोलता समोर बसले. माझ्या माहेरी, खोडदला, त्या दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत, त्यांना म्हणे कुठल्या कुठं ताऱ्यांमधलं ऐकू येतं. तुम्हाला हाताच्या अंतरावरून बायकोचं ऐकू येत नव्हतं.

मग हरण्या पडला. आपला शर्यतीचा हरण्या, ज्याला स्वतःच्या हातानं अंडी आणि दूध पाजायचात आणि पोराला, संतोषला म्हणायचात, तू खाल्लंस का नाही ते तुझ्या आईला विचार. यात्रेला जाताना चढावर तुमचा पाय थरथरला, क्लच सुटला, हिसका बसला आणि मागं हरण्या गुडघ्यावर आला. शेजारी शंकरतात्या बसले होते. गाड्यात त्यांची तुमची भागी, त्यामुळं ते कायम तुमच्या शेजारीच. तुम्ही त्यांना म्हणालात, "खड्डा व्हता." तात्या म्हणाले, "व्हता की."

हरण्याच्या गुडघ्याला हळद लावताना तुम्ही हमसून रडलात. आणि सकाळी उठून कुठं गेलात? दत्ताकडं. एव्हाना त्यानं मंचरला गॅरेज टाकलं होतं. "दत्ता, ऑटोमॅटिक बसव. हरण्याला हिसका नगं." वा रे वा! तुमच्या पायासाठी दोन वर्षं माझं तोंड दुखलं, आणि बैलाचा एक गुडघा सोलला तर काम झालं. मी चुलीपुढं बसून तुम्हाला मनात नाही नाही ते बोलले आणि मग उठून देवाला नारळ फोडला. म्हटलं, बैलासाठी का होईना, पायाची सुटका झाली.

गिअरबॉक्स निवडायला तुम्ही जेवढा वेळ लावला, तेवढा बायको बघताना लावला नव्हता. दत्तानं दोन शोधून आणल्या होत्या. मी बाजाराला म्हणून आले होते, गॅरेजवर थांबले आणि सगळं ऐकलं. एक धरणावरच्या डंपरची. ती डोंगर ओढेल, पण आपल्या इंजिनाची निम्मी ताकद तीच खाणार, पळायचं नाव नको. दुसरी कुठल्याशा परदेशी बसची, मुंबईकडच्या भंगारातून आलेली. पळायला चपळ, आणि इतकी मऊ की गिअर पडलेला कळतसुद्धा नाही. पण चढाला तिचं तेल तापणार आणि उताराला ती गाडी धरणार नाही. तुम्हाला पळणारी पण पाहिजे आणि मऊ पण पाहिजे. बसचीच धरून बसलात. मी मध्ये बोलले, "माळशेज उतरताना गाडी कोण धरंल मग?"

तुम्ही म्हणालात, "तू बाजार कर जा."

दत्ता म्हणाला, "दाजी, आक्का बराबर बोलती."

मग तेल थंड करायला वेगळी जाळी बसली. उताराला खालच्या गिअरमध्येच अडकून राहील अशी लिव्हरला खाच केली. सायलेन्सरला झडप घालून इंजिनाचा ब्रेक केला. इंजिनाची आणि त्या गिअरच्या पेटीची भोकं जुळेनात, तर दत्तानं लेथवर जाड प्लेट करून आणली. दोन महिने ट्रक गॅरेजमध्ये उघडा पडून होता आणि तुम्ही रोज तिथं जाऊन बसायचात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे. आपल्या भागात तसा ट्रक दुसरा नसेल. माझी छाती फुगली होती. तुम्ही मात्र म्हणालात, "गावात सांगू नगं. नजर लागती." मी नाही सांगितलं. आपल्या माणसाला नजर लागू नये एवढंही मला कळत नाही का?

नव्या गाडीत पुन्हा चहाचा पेला ठेवलात. पुन्हा थेंब सांडला नाही. लोक म्हणाले, बबनभाऊच्या पायाला परत लोणी आलं. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात आणि पेला पुढं केलात.

पण सूज उतरेना. मी म्हणायची, पायाला काम नाही, मग हे असं कसं? तुम्ही म्हणायचा, वय झालं. शेवटी मीच तुम्हाला ओढत डॉक्टरांकडं नेलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता ह्यांच्या डाव्या पायाला कामच नाही, डॉक्टर. ऑटोमॅटिक बसवलंय." डॉक्टर म्हणाले, मग जवळपास चालवा, मध्ये मध्ये उतरून चाला, जड क्लच नाही तेवढं बरं आहे. तुम्ही चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. मला वाटलं, बायकोचं खरं झालं म्हणून लाजलात. अहो, तोंड उघडायचं होतं ना तेव्हा! तिथं गाव नव्हतं. बैल नव्हते, गाडामालक नव्हते. एक डॉक्टर आणि एक मी.

त्या दिवशी यात्रेहून आलात. शर्यतीत हरण्याची बारी झकास पळाली होती, कपाळावर गुलाल तसाच होता. दुपारी बाजेवर पडलात आणि म्हणालात, दम लागतोय. पाय बघितला तर केळीच्या खुंटासारखा. तात्यांच्या जीपमध्ये घालून तुम्हाला मंचरला न्यायला निघालो. तात्यांचा हात रांगडा, प्रत्येक गिअरला जीप हिसका खात होती आणि प्रत्येक हिसक्याला तुम्ही डोळे मिटत होता. माझा हात दाबून काहीतरी बोललात. मी कान तोंडाजवळ नेला. "तात्याला म्हण, क्लच हळू सोड." बस. एवढंच. संसाराचं काही नाही, संतोषचं नाही, माझं नाही. शेवटचे शब्द ऐकायला मी वाकले आणि मला क्लच ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी फुप्फुसात गेली.

दहाव्याला नदीवर ही गर्दी. प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची भाषणं झाली. माईकवरून तुमच्या पायाचं गुणगान झालं. असा क्लच दाबणारा पुन्हा होणे नाही, वगैरे. मी पदराआड ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. संतोषनं पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर चांगले पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. एकेक जण पुढं होऊन बोलायला लागला. "हरण्याला अंतर देणार न्हाई, भाऊ." "गाडा बंद पडू देणार न्हाई." संतोष म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "वैनी, तुमी बोला." मी म्हणाले, "जितेपणी माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार?" भटजींनी मान खाली घातली.

तेवढ्यात दत्ता पुढं गेला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "दाजी, पेडलचं कुणाला कळू देणार न्हाई. शप्पत." त्याला आपलं वाटलं हळूच. इंजिनांवर ओरडून ओरडून ज्याचा जन्म गेला त्याला हळू बोलता येतं होय? मला स्वच्छ ऐकू आलं. आणि कावळा खाली आला.

भुकेला असेल म्हणा, ऊन वर चढलं होतं. पण मी तुम्हाला ओळखते. बायको नाही, पोरगा नाही, हरण्यासुद्धा नाही. तुमचा जीव अडकला होता तो त्यात.

घरी आल्यावर दत्ताला परसात घेतला. "कसलं पेडल?" तो पहिल्यांदा नाही नाही म्हणाला. मग भडाभडा बोलला. तुम्ही त्याला जुनं क्लचचं पेडल तसंच ठेवायला लावलं होतं. खाली कशालाही जोडलेलं नाही. नुसती स्प्रिंग. शेजारी तात्या बसतात, गाडामालक बसतात, त्यांना पाय हललेला दिसला पाहिजे म्हणून. "आदी हलकी स्प्रिंग घातली व्हती, आक्का. दाजी म्हणले, हलकं दाबताना नाटक वाटतंय. म्हणून जाड घातली." मी विचारलं, "आणि एकटे असताना?" दत्ता रडायला लागला. "मी पाया पडून सांगितलं. एकटं असताना तरी दाबू नका. तर म्हणले, सवय मोडली तर लोकांत पाय चुकंल."

मी दत्ताच्या मुस्काटात मारली. दाराशी सगळी भावकी उभी असताना मारली. मग त्यालाच धरून रडले, कारण मारायला खरा माणूस शिल्लक नव्हता.

डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारलं. ते भले गृहस्थ म्हणाले, पेडलनंच झालं असं काही सांगता येत नाही, आधीपासूनचं दुखणं होतं. त्यांना सांगता येत नसेल. मला येतं. त्यांनी तुम्हाला गाडीवर बसू दिलं ते माझ्या तोंडच्या शब्दावर, आणि माझ्या तोंडचा शब्द तुम्ही खोटा केला होता.

परवा ट्रकमध्ये चढले. ऑटोमॅटिक बसवल्यापासून पहिल्यांदा. माझं कशाला काम पडतंय केबिनमध्ये? तीनही पेडलं जागच्या जागी. मी तुमच्या जागेवर बसून डाव्या पायानं ते दाबलं, तर हललं नाही. दोन्ही पायांनी, स्टेअरिंगला धरून जोर लावला तेव्हा कुठं खाली गेलं, आणि सोडल्यावर पोटरीतून अशी कळ गेली की मी आई गं म्हणाले. वरचं रबर दत्तानं नवंकोरं घातलं होतं. ते झिजून लोखंड दिसत होतं. अहो, किती दाबलंत हो? माळशेजला एकटे जाताना, पुढं धुकं, शेजारी कुणी नाही, तेव्हासुद्धा? कुणाला दाखवत होता? मला हाक मारली असती तर मी शेजारी बसले असते की. मला कुठं तुमच्या पायाचं लोणी पाहिजे होतं? मला तो पाय नुसता पाहिजे होता, अंथरुणात माझ्या पायाला लागणारा, थंडगार.

काल तात्या आणि गाड्याची मंडळी अंगणात आली. पुढची यात्रा तोंडावर आलीय, बैल न्यायला ट्रक द्या म्हणाले. मी म्हणाले, देते. पण थांबा. दत्ताला बोलावणं धाडलं. तो आला तसं त्याला म्हणाले, सगळ्यांसमोर दार उघड आणि ते पेडल काढ. दत्ता म्हणाला, "आक्का, शप्पत घेतलीय." मी म्हणाले, "तू घेतलीस, मी न्हाई." आणि मंडळींना सगळं सांगितलं. ऑटोमॅटिकचं, स्प्रिंगचं, चहाच्या पेल्याचं, सगळं. तुमची अब्रू भर अंगणात मांडली. मला तसंच करायचं होतं. मला तुम्हाला दुखवायचं होतं, आणि तुम्हाला दुखेल असं ते एकच उरलं होतं. दत्तानं पाना लावला. पेडल निघालं, स्प्रिंग फरशीवर उड्या मारत गेली, आणि मी एकेकाच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. म्हटलं, हसा आता. ज्या हसण्याला भिऊन माझा माणूस गेला, ते मला एकदा बघू द्या.

शंकरतात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला ठावं व्हतं, वैनी," ते म्हणाले. "त्येचा पाय पेडलवर जायच्या आदीच गाडी गिअर बदलायची. आवाज कळतो की. पर बोललो आसतो तर त्येला वाईट वाटलं आसतं."

मी किंचाळलेच. "वाईट वाटून माणूस मरत नाही, तात्या!"

मागून एकानं, तो टोमॅटोच्या गाड्या चालवणारा, आपला डावा गुडघा चोळत दत्ताला विचारलं, "आमच्या गाडीला व्हईल का रं असलं? लई दुखतंय राव. सांगायची लाज वाटती." दुसरा म्हणाला, "मलाबी सांग." आणि सगळे त्या उघड्या दारापाशी वाकून बघायला लागले, आपापल्या पायावर हात ठेवून.

एक जण हसला नाही, अहो. एक जणसुद्धा. कुणीतरी हसायला पाहिजे होतं. निदान तुमचं खरं तरी झालं असतं.